रिपोर्टचं साधन बदलायचं की आहेत तेच रिपोर्ट सुधारायचे? चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा कारखाना पत्रा दाबून वाहनांचे सुटे भाग बनवतो: ब्रॅकेट, क्लॅम्प, सीटखालच्या पट्ट्या. दोन युनिटं, तीन पाळ्या. माल जातो तो दोन-तीन मोठ्या वाहन कंपन्यांना आणि त्यांच्या पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना. उलाढाल पन्नास कोटींच्या वर, शंभराच्या आत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. मी या कामात डेटाबेसची बाजू बघायला बाहेरून होतो.

कारखान्याचं सगळं कामकाज एका स्थानिक सॉफ्टवेअरवाल्यानं लिहून दिलेल्या प्रणालीवर चालतं. जुने भाग व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मधले, नंतरचे डॉटनेटमधले, खाली एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस. रिपोर्ट सगळे क्रिस्टल रिपोर्ट्स या साधनात, जे डेटाबेसमधले आकडे ठरलेल्या नमुन्यात कागदावर मांडून देतं. त्या काळच्या पुण्यातल्या कुठल्याही कारखान्यात हेच दिसलं असतं, कारण नव्वदच्या दशकात क्रिस्टल हे व्हिज्युअल बेसिकच्या सोबतच मिळायचं. ज्यानं व्हीबी शिकलं त्यानं क्रिस्टलही शिकलं. पुढे त्याची मालकी फिरत गेली. २००३ मध्ये ते बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे गेलं आणि २००७ मध्ये सॅपनं बिझनेस ऑब्जेक्ट्सच विकत घ्यायचं जाहीर केलं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून तर ते सोबत येणंही बंद झालं, वेगळं उतरवून घ्यावं लागू लागलं. कारखान्यात या कशाची कुणाला खबर नव्हती. बटण दाबलं की कागद येत होता.

कागद मात्र वाढत गेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिलं बदलली. मग ई-वे बिल आलं. १ एप्रिल २०२१ पासून पन्नास कोटींच्या वरच्या सगळ्यांना ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू झालं, तेव्हा बिलावर क्यूआर कोड आला आणि बिलापुरता डॉट मॅट्रिक्स प्रिंटर निवृत्त झाला. दर वेळी सॉफ्टवेअरवाला यायचा, जुन्या रिपोर्टची नक्कल करून तीत बदल करायचा आणि जुना ‘असू दे, लागला तर’ म्हणून तसाच ठेवायचा. फोल्डरमध्ये बिलाच्याच सात-आठ आवृत्त्या सापडल्या. एकीचं नाव ‘बिल नवीन फायनल २’ होतं. एकूण फायली तीनशेच्या वर.

अडचण

निमित्त सर्व्हरचं झालं. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या दुरुस्त्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला होता. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा जुलै २०२४ मध्ये संपणार होता. एका ग्राहकाच्या ऑडिटमध्ये नेमका हा प्रश्न विचारला गेला आणि नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं. हलवाहलव होणारच आहे तर रिपोर्टचंही काहीतरी करून टाकू, अशी हवा तयार झाली.

पण ‘काहीतरी’ म्हणजे काय, यावर तीन माणसांची तीन मतं होती. धाकट्या साहेबांना पॉवर बीआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं आलेख आणि डॅशबोर्ड दाखवणारं साधन, हवं होतं. त्यांनी एका ग्राहकाच्या कारखान्यात भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडे पळताना बघितले होते. अकाउंट्सच्या मॅडमचं म्हणणं, ‘मार्च एंडिंगला माझे कागद जसेच्या तसे निघाले पाहिजेत, बाकी तुम्ही काय वाटेल ते करा.’ आयटी सांभाळणारा एकटा माणूस होता. त्याला क्रिस्टल नको होतं, कारण व्हीबी ६ मधले रिपोर्ट ज्या जुन्या घटकावर चालत तो घटक पुढच्या आवृत्त्यांतून काढून टाकला गेला होता आणि प्रत्येक नव्या पीसीवर त्या घटकाची जुनी फाइल (डीएलएल) बसवताना त्याचा अर्धा दिवस जायचा.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते खरी अडचण तीच होती. महिन्याच्या बैठकीत क्वालिटीनं रिजेक्शनचा एक आकडा मांडला, प्रॉडक्शननं दुसरा. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून छापलेले, एकाच महिन्याचे. मोठे साहेब दोन कागद शेजारी ठेवून म्हणाले, ‘यातला खरा कुठला?’ कुणालाच सांगता येईना. धाकटे साहेब लगेच म्हणाले, ‘म्हणूनच म्हणतोय, टूल बदला.’

समोर आलेले पर्याय

आहेत तेच रिपोर्ट क्रिस्टलच्या नव्या आवृत्तीवर नेऊन चालवणं हा पहिला पर्याय. खर्च कमी, शिकण्यासारखं नवीन काही नाही. पण तीनशे फायलींचं ओझं आणि आकड्यांचा गोंधळ तसाच नव्या सर्व्हरवर जाणार.

दुसरा, सगळं एसएसआरएसमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरसोबत येणाऱ्या रिपोर्टच्या साधनात, नव्यानं लिहिणं. एसक्यूएल सर्व्हरचा परवाना घेतलेलाच असतो, त्यामुळे वेगळे पैसे नाहीत. त्याची आरडीएल फाइल साधी एक्सएमएल असते. नोटपॅडमध्ये उघडता येते, तिच्यात शब्द शोधता येतो, दोन आवृत्त्यांतला फरक बघता येतो. क्रिस्टलची आरपीटी फाइल बंद पेटी आहे, तिच्यात यातलं काही जमत नाही. आयटीवाल्याचं मन इथे होतं.

तिसरा, सगळं पॉवर बीआयमध्ये. तेव्हा प्रो परवाना महिन्याला माणशी १० डॉलर होता (एप्रिल २०२५ पासून तो १४ झाला). बघणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागणार. शिवाय आपल्या इमारतीतल्या डेटाबेसवरून ढगात आकडे चढवायला एक गेटवे (दोन्हींना जोडणारा प्रोग्राम) चालू ठेवावा लागतो आणि प्रो परवान्यात दिवसाला आठच वेळा माहिती ताजी होते. धाकट्या साहेबांच्या मनातलं ‘लाइव्ह’ यात बसत नव्हतं. थेट डेटाबेसवर प्रश्न टाकण्याची सोय आहे, पण मग प्रत्येक क्लिकचा भार ज्या सर्व्हरवर बिलं निघतायत त्याच्यावरच येतो.

जॅस्परसारखं मुक्त साधनही कुणीतरी सुचवलं. जावा येणारा माणूस नव्हता, विषय तिथेच संपला. अख्खी ईआरपी (कारखान्याचं सगळं कामकाज सांभाळणारी प्रणाली) बदलण्याचा प्रस्ताव एका विक्रेत्यानं दिला होता. मोठ्या साहेबांनी शेवटच्या पानावरची रक्कम बघून तो बाजूला ठेवला.

या सगळ्या पर्यायांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे तीनशे रिपोर्ट ही एकाच जातीची वस्तू आहे. पहिला निर्णय तिथेच हवा होता.

कागद, रजिस्टर आणि प्रश्न

आयटीवाल्यानं एक चांगली गोष्ट केली. सॉफ्टवेअरमधला कुठलाही रिपोर्ट एका सामाईक फंक्शनमधून उघडायचा. त्यात त्यानं एक ओळ घातली: रिपोर्टचं नाव, उघडणारा आणि वेळ एका टेबलात लिहून ठेव. तीन महिने ते चालू ठेवलं. तीनशेपैकी नव्वदच्या आसपास रिपोर्टच उघडले गेले.

‘मग बाकीचे उडवा’ असं लगेच ठरण्याच्या बेतात होतं. मॅडमनी हात आडवा घातला. दिवाळी बोनसचं ‘सी’ फॉर्मचं रजिस्टर वर्षातून एकदा निघतं. जॉबवर्कचं, म्हणजे माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाचं, आयटीसी-०४ हे जीएसटीचं विवरण सहा महिन्यांनी. मार्चअखेरच्या स्टॉकमोजणीच्या याद्या एप्रिलनंतर कुणी बघत नाही. हे तिन्ही त्या तीन महिन्यांच्या खिडकीत दिसणारच नव्हते. तेव्हा न उघडलेल्या फायलींची यादी छापून खातेप्रमुखांकडे फिरवली आणि प्रत्येकापुढे ‘कधी लागतो’ असा रकाना ठेवला. बहुतेकांपुढे ‘माहीत नाही’ आलं, पण पंधरा-वीस फायली त्यातून वाचल्या.

उरलेल्यांचे तीन गट पडले. पहिला गट कागदांचा: बिल, चलन, गेटपास, माल पाठवण्यापूर्वीचा तपासणी अहवाल, खोक्यावरचं लेबल, पगाराची स्लिप. इथे मिलिमीटरला महत्त्व आहे. काही नमुने ग्राहकानं ठरवून दिलेले, बारकोड अमुकच जागी हवा असे. गेटपास अजूनही कार्बनच्या तीन प्रतींवर डॉट मॅट्रिक्सनं छापला जातो आणि त्याला कारण आहे: वॉचमनची प्रत, ड्रायव्हरची प्रत, फाइलची प्रत एका झटक्यात निघते. दुसरा गट रजिस्टरांचा: लांबलचक याद्या, ज्या छापल्या जात नाहीत, एक्सेलमध्ये काढून पुढे त्यावर कुणीतरी काम करतो. तिसरा गट प्रश्नांचा: रिजेक्शन किती, कुठला प्रेस किती वेळ बंद होता, कुणाकडे किती येणं थकलंय.

कागदांसाठी पॉवर बीआयचे डॅशबोर्ड निरुपयोगी, हे डिस्पॅचच्या सुपरवायझरनं आमच्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितलं. ‘साहेब, गाडी गेटवर उभी असते. मला बटण दाबलं की चार प्रती पाहिजेत. ग्राफ घेऊन ड्रायव्हर जात नाही.’

चाचणी, आणि तिनं बदललेला प्रश्न

कागद आणि रजिस्टर कुठे ठेवायचे, क्रिस्टल की एसएसआरएस, हा वाद उरला. आयटीवाल्याचा आग्रह एसएसआरएसचा होता आणि त्याच्याकडे कारणं होती. रूपांतर करून देणारी तयार साधनं आहेत, असंही त्यानं दाखवलं. एक आणून बघितलं. रेषा, रकाने, मथळे बऱ्यापैकी आले. सूत्रं अर्धवट आली आणि सबरिपोर्टांतलं (रिपोर्टच्या आत बसवलेल्या रिपोर्टांतलं) गणित आलंच नाही.

मग ठरलं की सगळ्यात अवघड रिपोर्ट घेऊन तो हातानं एसएसआरएसमध्ये करून बघायचा. सोपा रिपोर्ट घेऊन केलेली चाचणी विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकासारखीच असते, तिच्यातून काही कळत नाही. आमच्याकडे अवघड म्हणजे जॉबवर्कचा ताळमेळ. शॉपवर अजून सगळे त्याला ‘५७एफ४’ म्हणतात. अबकारीच्या काळातला तो नियम जाऊन जमाना झाला, आता ते काम जीएसटी कायद्याच्या कलम १४३ खाली चालतं, पण नाव राहिलं. प्लेटिंगला किंवा पावडर कोटिंगला चलनावर माल जातो आणि तुकड्यातुकड्यानं परत येतो, थोडा वाया जातो. कुठला परत आलेला तुकडा कुठल्या चलनातून वजा करायचा आणि कुठलं चलन वर्षभरात परत न आल्यामुळे अडचणीत येणार, हे त्या रिपोर्टमधून कळतं.

क्रिस्टलमध्ये हे गणित रिपोर्टच्या पोटात होतं. एक मुख्य रिपोर्ट, आत दोन सबरिपोर्ट, आणि त्यांच्यामध्ये आकडे ने-आण करणारे सामाईक व्हेरिएबल. छपाई होत असताना ओळीओळीला शिल्लक मोजली जायची. एसएसआरएसमध्ये सबरिपोर्ट मुख्य रिपोर्टला आकडा परत देऊ शकत नाही. म्हणजे हे जसंच्या तसं नेता येणारच नव्हतं. उपाय एकच होता: गणित रिपोर्टमधून उपसून डेटाबेसमध्ये आणायचं. चालती शिल्लक काढायची सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासूनच आहे. पहिल्या चलनातून पहिली वजावट या तत्त्वानं एक स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) लिहिली गेली. तिला वेळ लागला, कारण मूळ सूत्रांत कुणी तरी, कधी तरी घातलेले अपवाद होते. एका प्लेटिंगवाल्याला दोन टक्के घट मान्य, बाकीच्यांना नाही. हे कुठल्याही मास्टरमध्ये (मूळ नोंदींच्या टेबलात) नव्हतं. फक्त त्या सूत्रात त्याच्या पार्टी कोडसकट लिहिलेलं होतं.

प्रोसीजर तयार झाल्यावर एसएसआरएसचा रिपोर्ट अगदी सरळ झाला: ओळी आण आणि मांड. सहज म्हणून आयटीवाल्यानं क्रिस्टलमध्येही तीच प्रोसीजर जोडून नवा रिपोर्ट बनवला. तोही तितकाच सरळ झाला, सबरिपोर्ट गेले, वेगही वाढला. तो म्हणाला, ‘सर, आता हा कशातही काढता येईल. मग बदलायचं कशाला?’

एसएसआरएसचा आग्रह धरणाऱ्यानंच हे म्हणावं, यानं प्रकरणाची दिशा बदलली. कष्ट जात होते ते रिपोर्टमध्ये लपलेले नियम शोधण्यात. ते काम कुठलंही साधन निवडलं तरी करायचंच होतं, आणि ते झाल्यावर साधन बदलण्यातून मिळणारं फारसं उरत नव्हतं. रिजेक्शनच्या दोन आकड्यांचंही तसंच निघालं. एका रिपोर्टच्या सूत्रात सेटिंगला वाया गेलेले तुकडे धरले होते, दुसऱ्यात नव्हते. एक एकूण उत्पादनानं भागत होता, दुसरा पाठवलेल्या मालानं, कारण ग्राहक दहा लाख नगांमागे किती नग सदोष आले हे त्याच्याकडे पोचलेल्या मालावर मोजतो. हे दोन्ही रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये नेले असते तर तेच भांडण रंगीत झालं असतं.

काय ठरलं

कागद क्रिस्टलमध्येच राहतील, मात्र नव्या रनटाइमवर (रिपोर्ट चालवणाऱ्या भागावर). व्हीबी ६ मधल्या जुन्या घटकावरचे रिपोर्ट एका छोट्या डॉटनेट प्रोग्राममधून उघडले जातील. रजिस्टरांना रिपोर्टच नको, डेटाबेसमध्ये व्ह्यू (आखून ठेवलेल्या याद्या) करून ते थेट एक्सेलला जोडायचे. प्रश्नांसाठी पॉवर बीआय, सुरुवातीला अगदी मोजक्या परवान्यांवर. आणि सगळ्यांच्या आधी: गणित, दर आणि अपवाद रिपोर्टमधून काढून डेटाबेसमध्ये.

धाकट्या साहेबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या दृष्टीनं जुनंच साधन ठेवणं म्हणजे मागे राहणं. मोठ्या साहेबांनी मध्यममार्ग काढला: रिजेक्शन आणि मशीन-बंद या दोन विषयांचे डॅशबोर्ड आधी करा, बाकी सावकाश. माझं मत वेगळं होतं, आधी दर आणि बिलं साफ व्हावीत असं मला वाटत होतं. पण हा क्रम राजकीयदृष्ट्या बरोबर होता हे मान्य करायला हवं. डॅशबोर्ड दिसल्याशिवाय साफसफाईच्या महिन्यांना कुणी पैसे दिले नसते.

प्रत्यक्ष काम

रिजेक्शनची बैठक दोनदा झाली. पहिल्या खेपेला क्वालिटी आणि प्रॉडक्शन दोघं आपापल्या व्याख्येवर अडून. दुसऱ्या खेपेला ‘खरी व्याख्या कुठली’ हा प्रश्नच सोडला आणि दोन आकड्यांना दोन नावं दिली: ‘लाइन रिजेक्शन’ आणि ‘कस्टमर पीपीएम’ (दहा लाख नगांमागे सदोष नग). सेटिंगचे तुकडे तिसऱ्या रकान्यात वेगळे. यात तंत्र काहीच नव्हतं, पण पुढच्या महिन्यापासून बैठक कमी वेळात संपू लागली.

पगाराच्या स्लिपनं अनपेक्षित वेळ खाल्ला. कामगारांची नावं मराठीत होती, पण युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीत नव्हती. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीनं रोमन अक्षरांची विचित्र जुळवाजुळव, तो फाँट लावला तरच मराठी दिसणारी. क्रिस्टलच्या ज्या ८.५ आवृत्तीत हे सुरू झालं तिच्यात युनिकोड नव्हतंच, त्यामुळे तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आता हजेरीचा डॅशबोर्ड करायचा तर तिथे नावांच्या जागी कचरा दिसणार. रकाने बदलले, कन्व्हर्टरमधून नावं काढली, आणि अपेक्षेप्रमाणे रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे गेली. मग छापील यादी टाइम ऑफिसच्या बाहेर लावली आणि ज्यानं त्यानं आपलं नाव पेनानं दुरुस्त करावं असं सांगितलं. दोन पाळ्यांत बहुतेक नावं सुधारली. काहींनी या निमित्तानं भरतीच्या वेळी चुकलेलं वडिलांचं नावही सुधारून घेतलं.

काही रिपोर्टच्या फायली सापडल्याच नाहीत. डॉटनेटमध्ये रिपोर्ट प्रोग्रामच्या आतच बांधून टाकता येतो. तसे बांधलेले होते आणि मूळ प्रत सॉफ्टवेअरवाल्याच्या जुन्या लॅपटॉपबरोबर गेली होती. ते थोडेच होते, पुन्हा आखले. त्यानंतर करारात एक ओळ वाढली: प्रत्येक रिपोर्टची मूळ फाइल कारखान्याच्या सर्व्हरवर.

सर्व्हर बदलल्यानंतरचा प्रसंग या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा. क्रिस्टलची प्रत्येक फाइल आपण कुठल्या सर्व्हरला जोडलेलो आहोत ते आत लिहून ठेवते, आणि आतला प्रत्येक सबरिपोर्ट स्वतःचं वेगळं. मुख्य रिपोर्टचे पत्ते प्रोग्राममधून बदलले होते, काही सबरिपोर्टांचे राहून गेले. जुना सर्व्हर ‘असू दे, बॅकअप म्हणून’ चालूच होता. त्यामुळे चूक म्हणून काहीच दिसेना, रिपोर्ट छान उघडत होते, फक्त त्यांचा एक भाग जुन्या सर्व्हरवरच्या गोठलेल्या आकड्यांवरून येत होता. बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटला जोडलेली येण्याची यादी बघताना मॅडम म्हणाल्या, ‘अहो, या पार्टीचे पैसे मागच्या आठवड्यात आले. अजून बाकी कशी दाखवतंय?’

तिथे निर्णय घ्यायचा होता: एकेक सबरिपोर्ट शोधत बसायचं, की जुना सर्व्हर नेटवर्कवरून काढायचा? आयटीवाला कचरत होता, कारण काढला की जे जे त्याच्यावर टेकलेलं आहे ते सगळं एकदम बोंबलणार. पण चुपचाप चुकीचा आकडा छापणाऱ्या रिपोर्टपेक्षा बोंबलणारा रिपोर्ट बरा. महिन्याच्या मधोमध, कामाचा जोर कमी असताना, बॅकअप घेऊन जुना सर्व्हर बंद केला. दोन दिवस फोन वाजत राहिले, मग थांबले.

पॉवर बीआयच्या बाजूला एक गोष्ट वेळेत लक्षात आली. एका उत्साही इंजिनिअरनं प्रेसच्या बंद वेळेचा डॅशबोर्ड शॉपवरच्या टीव्हीला लावण्यासाठी ‘पब्लिश टू वेब’ वापरलं होतं. त्या लिंकला लॉगिन लागत नाही, ती ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते. ती सोय अॅडमिनच्या सेटिंगमधून बंद केली आणि टीव्हीसाठी वेगळं खातं काढलं. माहिती पाळी संपताना आणि रात्री एकदा ताजी करायची असं ठरलं. ‘लाइव्ह’ची मागणी नंतर कुणी पुन्हा काढली नाही.

काय झालं

खरी परीक्षा जीएसटी परिषदेनं घेतली. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दरबदल जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. वाहनांचे सुटे भाग सरसकट १८ टक्क्यांवर आले. या कारखान्याचा ८७०८ या एचएसएन क्रमांकाखालचा (करासाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) बराच माल तोवर २८ टक्क्यांत होता.

जुन्या रचनेत हा दर सूत्रात होता: एचएसएन ८७०८ नं सुरू होत असेल तर २८, नाहीतर १८. तो तिथेच बदलला असता तर आणखी एक घोळ झाला असता, कारण ऑगस्टचं बिल ऑक्टोबरमध्ये पुन्हा छापलं तर त्यावरही १८ आलं असतं. आता दर मास्टरमध्ये होता, कुठल्या तारखेपासून कुठला या रकान्यासकट. रविवारी संध्याकाळी नवी ओळ भरली गेली, सोमवारी पहिली गाडी वेळेवर निघाली. बिलाच्या एकाही फाइलला हात लावावा लागला नाही.

एक फाइल मात्र सुटली होती: पुरवणी बिलाची. वाहन कंपन्या पोलादाच्या भावानुसार मागच्या तारखेपासून दर वाढवून देतात, तेव्हा आधी पाठवलेल्या मालावरचा फरक पुरवणी बिलानं घ्यावा लागतो. हे वर्षातून एखाद-दोनदा घडतं. तीन महिन्यांच्या नोंदीत ते आलं नव्हतं, आणि खातेप्रमुखांच्या यादीत त्याच्यापुढे ‘माहीत नाही’ लिहिलेलं होतं, कारण यादी स्टोअरकडे गेली होती, मार्केटिंगकडे नाही. ऑक्टोबरमध्ये दरवाढीचं पत्र आलं. कुणीतरी जुनी फाइल शोधून काढली, सूत्रातला २८ घाईनं १८ केला आणि बिलं छापली. माल एप्रिल ते जूनचा, त्याला कर तेव्हाचाच, २८. डेटाबेसमधून ई-इनव्हॉइससाठी गेलेली माहिती बरोबर २८ नं गेली होती, छापील कागदावर १८. क्यूआर कोडमध्ये बिलाची एकूण रक्कम असते. ग्राहकाच्या गेटवर स्कॅन केल्यावर कागद आणि कोड जुळेनात आणि गठ्ठा परत आला. नुकसान झालं ते काही दिवसांच्या उशिराचं, आणि मार्केटिंगच्या माणसाला माफी मागत फिरावं लागलं.

बाकी हिशोब असा: वापरातल्या क्रिस्टल फायली शंभराच्या खाली आल्या. रजिस्टरांचे एक्सेल लोकांनी सगळ्यात लवकर आपलेसे केले. पॉवर बीआय धाकटे साहेब रोज बघतात, दोन्ही युनिटप्रमुख बैठकीच्या आदल्या दिवशी. विकत घेतलेल्या परवान्यांपैकी काही न वापरता पडून होते, ते नूतनीकरणाच्या वेळी कमी केले.

वेगळं काय करता आलं असतं

वापराची नोंद ठेवणं चांगलं होतं, पण तिला एकटीला जास्त महत्त्व मिळालं. कुठला रिपोर्ट वापरात आहे हे तिच्यातून कळतं, कुठला धोक्याचा आहे हे नाही. आरपीटी फाइलमध्ये शब्द शोधता येत नसला तरी क्रिस्टलच्या एसडीकेमधून (प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीच्या साधनसंचातून) छोटा प्रोग्राम लिहून सगळ्या फायलींतली सूत्रं आणि जोडणीचे पत्ते एका टेक्स्ट फाइलीत ओतता येतात. हा प्रोग्राम पुरवणी बिलाच्या प्रसंगानंतर लिहिला गेला. तो सुरुवातीलाच लिहिला असता तर ‘८७०८’ शोधल्यावर पुरवणी बिल समोर आलं असतं, आणि जुन्या सर्व्हरचं नाव शोधल्यावर मॅडमना सापडलेले सबरिपोर्टही. दोन्ही प्रसंग टळले असते.

खातेप्रमुखांची यादी फिरवताना ‘माहीत नाही’ हे उत्तर ‘लागत नाही’ असं वाचलं गेलं. त्याऐवजी अशा फायली वर्षभर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून, उघडल्यास आयटीला कळेल अशी सोय करता आली असती.

एसएसआरएस नाकारण्याच्या निर्णयाबद्दल नंतर विचारणा झाली. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एसएसआरएसची पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं. २०२२ ची आवृत्ती जानेवारी २०३३ पर्यंत चालेल आणि पुढे पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर तिची जागा घेईल. धाकटे साहेब म्हणाले, ‘बघा, वाचलो.’ मला यात वाचण्यासारखं फार दिसत नाही. आरडीएल फायली त्या नव्या सर्व्हरवर चालतात, त्यामुळे तिकडे गेलो असतो तरी मेहनत वाया गेली नसती. निर्णय बरोबर ठरला तो दुसऱ्या कारणानं, आणि ते कारण चाचणीत आधीच दिसलं होतं.

५७एफ४ चा ताळमेळ दोन्हीकडे तयार आहे, वापरात क्रिस्टलचा आहे. दोन टक्के घटीचा अपवाद आता पार्टी मास्टरमध्ये आहे आणि त्या प्लेटिंगवाल्याशी तो नव्यानं बोलायचा आहे. पुढचं आयटीसी-०४ एप्रिलमध्ये भरायचं आहे. तोवर हे बोलणं झालं नाही तर मागच्या वेळेसारखी मॅडमना ती घट हातानं तपासावी लागेल.